सिएना : नऊ जणांच्या दालनात

इटलीला जाणारा मराठी प्रवासी बहुधा रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस करून परततो. सिएना वाटेत आलेच, तर फ्लोरेन्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्यापुरते. आम्ही मात्र त्या शहरासाठीच गेलो होतो, आणि शहरासाठी म्हणण्यापेक्षा तिथल्या एका इमारतीसाठी. पालाझ्झो पुब्लिको हे सिएनाचे शासनगृह १२९७ साली बांधायला घेतले आणि १३१० च्या सुमारास त्याचा मुख्य भाग उभा राहिला. आजही शहराची पालिका त्याच वास्तूतून चालते. वरच्या मजल्यावरील ज्या दालनात चौदाव्या शतकात नऊ जणांचे मंडळ शहराचा कारभार पाहत असे, त्याच्या भिंतींवर चांगला कारभार कसा असतो, वाईट कारभार कसा असतो आणि दोहोंचे परिणाम सामान्य माणसाच्या वाट्याला कसे येतात, हे रंगवलेले आहे. माझी सारी नोकरी एका लहान गावाच्या नगरपरिषदेत झाली. सभागृहाच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी पाहण्याची सवय असलेल्या मला, कारभाऱ्यांनी आपल्या निर्णयांचे परिणाम डोळ्यांसमोर राहावेत अशी चित्रे पैसे देऊन काढून घेतली, ही गोष्ट वाचली तेव्हापासून स्वस्थ बसू देत नव्हती. मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे गेलो असताना ऑक्टोबरमध्ये तिने सुट्टी काढली आणि पत्नी, ती आणि मी असे तिघे निघालो.

मंगळवार

फ्लोरेन्सहून सिएनाला रेल्वेही जाते. परंतु तिथले स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि जुने शहर वर. जलद बस सव्वा-दीड तासात थेट वरच्या भागात, जुन्या शहराच्या कडेला सोडते. सामान घेऊन जाणाऱ्यांनी बसच धरावी. रेल्वेने गेल्यास स्थानकासमोरच्या व्यापारी संकुलातून सरकत्या जिन्यांची मालिका वर नेते, हे लक्षात ठेवावे. जुन्या शहरात बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्यांना ती तटाबाहेर ठेवावी लागते.

आमचे घर व्हिया सालिकोत्तो या गल्लीत, पालाझ्झोच्या जवळजवळ पाठीशी होते. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून भांडे देता-घेता यावे. सिएनात १७ कोंत्रादा आहेत, म्हणजे शतकानुशतके आपापली सीमा, ध्वज, चर्च आणि अभिमान जपणारे मोहल्ले. ही गल्ली ज्या मोहल्ल्यात येते त्याचे नाव तोर्रे, आणि त्याचे चिन्ह पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती. इतक्या दूरच्या गावात भिंतीवर हत्ती दिसल्यावर पत्नीचा प्रवासाचा शीण तिथेच निम्मा उतरला. घरमालकीणबाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. त्यांना इंग्रजी बेताचे आणि आम्हाला इटालियन मुळीच नाही. मुलीला दोन्ही थोडे थोडे येत असल्याने गप्पांना अडचण पडली नाही. आम्ही हिंदुस्थानातून आलो आहोत असे कळताच त्यांनी हत्तीकडे बोट दाखवले आणि तुम्ही तर आमच्याच मोहल्ल्याचे, असे म्हणून किल्ल्या हातात ठेवल्या.

सामान टाकून आम्ही कांपोवर गेलो. गल्ली संपते आणि काही कल्पना नसताना समोर ते विशाल पटांगण उघडते. हे सिएनाचे मुख्य चौक. पण ते सपाट नाही. शिंपल्याच्या आकाराचे हे चौक सर्व बाजूंनी पालाझ्झोच्या दिशेने उतरत येते. विटांची नक्षीदार फरसबंदी आणि तिला नऊ भागांत विभागणाऱ्या पांढऱ्या दगडाच्या पट्ट्या असे त्याचे रूप आहे. नऊ भाग हे नऊ जणांच्या राजवटीचे स्मरण. सगळ्या उतारांचे पाणी जिथे एकत्र यायचे त्या सर्वांत खालच्या बिंदूशी, पालाझ्झोच्या अगदी समोर, शिंपल्यासारखाच घडवलेला दगडी निचरा आहे. गटाराच्या तोंडालाही इतके देखणे रूप देणाऱ्या गवंड्यांबद्दल मनात आदर दाटून आला.

चौकाभोवतीच्या घरांच्या खिडक्यांत एक सारखेपणा जाणवतो. तो योगायोग नव्हे. १२९७ सालीच पालिकेने नियम केला होता की, कांपोकडे तोंड असणाऱ्या घरांच्या खिडक्यांना लहान स्तंभ असावेत आणि सज्जे काढू नयेत. ज्या वर्षी स्वतःच्या इमारतीचा पाया घातला, त्याच वर्षी शेजाऱ्यांनाही शिस्त लावली. बांधकाम परवानगीच्या फायलींत आयुष्य काढलेल्या माणसाला या नियमाचे मोल कळते, कारण असा नियम करणे सोपे आणि एखाद्या बड्या घराण्याच्या सज्जाला नाही म्हणणे फार कठीण असते. सिएनाच्या त्या काळच्या संविधानात तर असे म्हटले आहे की, जो कारभार करतो त्याने शहराच्या सौंदर्याची काळजी सर्वांत आधी वाहावी, कारण त्याने परक्यांना आनंद होतो आणि नागरिकांचा मान व भरभराट वाढते. हे संविधान १३०९-१० मध्ये लॅटिनमधून लोकभाषेत उतरवण्यात आले. लॅटिन न जाणणाऱ्या गरिबांनाही ते वाचता यावे म्हणून ठळक अक्षरांत, सुवाच्य लिहून पालिकेत ठेवावे, असा आदेश होता.

रात्री जेवायला पिची घेतली. हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखा हा इथला पास्ता, टोमॅटो आणि भरपूर लसणाच्या रश्शात. लसूण असूनही उग्रपणा नाही आणि शेवया दाताखाली छान चिवट लागतात. पाव मात्र बिनमिठाचा. तोस्काना प्रांतातली ही जुनीच रीत आहे. पहिल्या घासाला चुकल्यासारखे वाटते, परंतु खारट चीजबरोबर तोच पाव रुचकर होतो. शाकाहारी मंडळींसाठी दोन सूचना : भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा घातला आहे का ते आवर्जून विचारावे, आणि जे काटेकोर आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की इथल्या पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राणिज विरजण असते. बिलात माणशी थोडी बैठकीची रक्कम लावलेली असते. ती फसवणूक नव्हे, पद्धत आहे.

बुधवार

पालाझ्झोतले संग्रहालय उघडताच आत जावे, हा माझा पहिला सल्ला. दिवसभराच्या सहलीचे जथे साडेदहा-अकराच्या सुमारास येऊ लागतात, त्याआधीचा तास अनमोल असतो. संग्रहालय आणि मनोरा यांची तिकिटे एकत्र मिळतात. मनोऱ्यावर एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात, म्हणून त्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, त्या निघण्यापूर्वी पाहाव्यात.

जिना चढून गेल्यावर पहिली काही दालने नंतरच्या काळातली आहेत. इटलीच्या एकीकरणाची मोठमोठी चित्रे असलेले एक दालन एकोणिसाव्या शतकातले. ते आम्ही भरभर ओलांडले. खरे थांबायचे ते नकाशाच्या दालनात, जिथे नगराची मोठी सभा भरत असे. एका टोकाच्या भिंतीवर सिमोने मार्तिनीने १३१५ साली रंगवलेली 'माएस्ता' आहे : छताखाली सिंहासनावर बसलेली मेरी, मांडीवर बाळ आणि भोवती संत व देवदूतांचा दरबार. सिएनाने आपले शहर मेरीला अर्पण केले होते, तेव्हा ही एका अर्थाने नगराची राणी. पण ती इथे नुसते दर्शन द्यायला बसलेली नाही. सिंहासनाखालच्या ओळींत ती सभासदांशी बोलते. स्वर्गातली गुलाबाची आणि लिलीची फुले मला चांगल्या सल्ल्याइतका आनंद देत नाहीत, असे सांगून, स्वतःच्या फायद्यासाठी माझ्या भूमीला फसवणाऱ्यांबद्दल ती खंत व्यक्त करते, आणि दुबळ्यांना छळणाऱ्यांसाठी आपण रदबदली करणार नाही असे बजावते. बाळाच्या हातातील पट्टीवर, पृथ्वीचा न्याय करणाऱ्यांनो, न्यायावर प्रेम करा, असे वचन आहे. ती पट्टी रंगवलेली नसून खरा कागद भिंतीला चिकटवलेला आहे, हे जवळ गेल्यावरच कळते. चित्राचा खालचा भाग बराच झिजला आहे. त्याचे कारण खाली असलेली मिठाची कोठारे. मिठाचा व्यापार पालिकेच्या हाती होता, आणि त्या साठ्यातला ओलावा भिंतीतून वर चढत राहिला. सिमोनेलाच १३२१ मध्ये येऊन काही भाग पुन्हा रंगवावा लागला.

समोरच्या भिंतीवर, ओसाड टेकड्यांमधून एकटाच घोड्यावरून जाणारा सेनापती ग्विदोरिच्चो दिसतो. घोड्याच्या झुलीवर आणि स्वाराच्या अंगरख्यावर एकच नक्षी, वर गर्द निळे आकाश. चित्रावर १३२८ हे साल आहे आणि परंपरेने तेही सिमोनेचे मानतात. परंतु गेल्या शतकाच्या सत्तरीपासून त्यावर कला-अभ्यासकांचा मोठा वाद चालू आहे. मला मात्र त्याच्या खालच्या भिंतीने अधिक वेळ खिळवून ठेवले. तिथे प्लास्टरवर एकात एक अशी गोल ओरखड्यांची वर्तुळे उमटली आहेत. आंब्रोजियो लोरेन्झेत्तीने १३४५ मध्ये केलेला जगाचा मोठा गोल नकाशा इथे लावलेला होता आणि तो फिरवता येत असे. नकाशा केव्हाच नाहीसा झाला, दालनाला त्याचे नाव राहिले आणि भिंतीवर ते व्रण. ज्यांनी तो फिरवला असेल त्यांची बोटे कुठे टेकत असतील याचा अंदाज बांधत आम्ही बराच वेळ उभे होतो.

तिथून शेजारच्या दरवाज्याने आत गेले की नऊ जणांचे दालन. ते आकाराने फार मोठे नाही. लांबी सुमारे १४ मीटर, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि प्रकाश दक्षिणेच्या एकाच खिडकीतून येतो. हे नऊ जण प्रामुख्याने व्यापारी आणि सावकार. सरदार घराण्यांना त्या मंडळात प्रवेश नव्हता. मुदत अवघी २ महिन्यांची. तेवढा काळ त्यांनी पालाझ्झोतच राहायचे, सणवार सोडून बाहेर पडायचे नाही, आणि मुदत संपली की पुन्हा निवड होण्यापूर्वी २० महिने थांबायचे. १२८७ पासून १३५५ पर्यंत ही पद्धत टिकली. आंब्रोजियो लोरेन्झेत्तीने दालनाच्या तीन भिंती १३३८ आणि १३३९ मध्ये रंगवल्या.

खिडकीच्या समोरच्या भिंतीवर चांगला कारभार आहे. डावीकडे न्यायदेवता, तिच्या डोक्यावर प्रज्ञा. न्यायाच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोर खाली येतात, ते एकोप्याची देवता एकत्र करते आणि २४ नागरिकांच्या हाती देते. तो दोर हातोहात पुढे जात काळ्या-पांढऱ्या वस्त्रातल्या एका भारदस्त वृद्ध पुरुषापर्यंत पोहोचतो. काळा-पांढरा हे सिएनाचे रंग, आणि हा पुरुष म्हणजे सगळ्यांचे मिळून असलेले हित. एकोप्याच्या मांडीवर एक अवजार आहे, आणि ते चक्क सुताराचा रंधा आहे. उंचसखल तासून सर्वांना एका पातळीवर आणणे हे तिचे काम. त्या एका रंध्याने चित्रकाराने जे सांगितले आहे ते सांगायला सभागृहांत तासन्‌तास भाषणे होतात. सद्गुणांच्या रांगेत शांतीही आहे. पांढऱ्या वस्त्रात, हातात ऑलिव्हची फांदी घेऊन ती उशीला रेलून बसली आहे, आणि त्या उशीखाली चिलखत दडपले आहे.

पूर्वेची लांब भिंत म्हणजे या कारभाराचे फळ, आणि सारा प्रवास जिच्यासाठी केला ती हीच. भिंतीच्या डाव्या अर्ध्यात शहर आहे. छपरांवर गवंडी परातीत माल घेऊन परांची बांधून काम करताहेत, चांभाराच्या दुकानाशी गिऱ्हाईक उभे आहे, शेजारी शिक्षक विद्यार्थ्यांना शिकवतो आहे, एक नवरी घोड्यावरून जाते आहे, आणि मध्यभागी हातात हात गुंफून काही जण नाचताहेत व एक जण खंजिरी वाजवत गाते आहे. मग वेस येते आणि तिच्यापलीकडे शेते. पेरणी, कापणी आणि मळणी एकाच वेळी चालू, कारण चित्रकाराला सगळे वर्ष दाखवायचे आहे. वेशीतून शिकारीला निघालेले श्रीमंत घोड्यांवर बसून उताराने खाली जाताहेत आणि धान्य लादलेली गाढवे घेऊन शेतकरी वर चढताहेत; एक जण खांद्यांभोवती पांढरा पट्टा असलेले काळे डुक्कर हाकत येतो आहे. डुकराची ही जात सिएनाच्या परिसरात आजही पाळतात. या सगळ्यावर सुरक्षिततेची देवता तरंगते आहे. तिच्या हातातल्या पट्टीवर लिहिले आहे की, जोवर हे नगर या देवतेचे राज्य राखील तोवर प्रत्येकाने निर्धास्त प्रवास करावा, नांगरावे आणि पेरावे. तिच्या दुसऱ्या हातात फासावर लटकणारा माणूस आहे. चित्रकाराने तेही लपवलेले नाही.

पश्चिमेची भिंत ओलाव्याने फार खराब झाली आहे आणि जे उरले आहे ते पाहवत नाही. शिंगे आणि सुळे असलेला जुलूम सिंहासनावर, पायाशी जखडलेला न्याय. शेजारी बसलेली फूट करवतीने स्वतःलाच कापते आहे. समोरच्या भिंतीवरचा रंधा आणि इकडची करवत, दोन्ही सुताराच्याच पेटीतली अवजारे. या शहरात घरे ढासळत आहेत, सैनिक एका स्त्रीला ओढून नेत आहेत आणि शेतशिवार जळते आहे. एकच धंदा चालू दिसतो, तो शस्त्रे घडवणाऱ्याचा.

हे सारे नऊ जणांनी स्वतःची जाहिरात म्हणून करवून घेतले, असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. हे मंडळ सगळ्यांचे नव्हते. खाटीक आणि इतर कारागिरांना त्यात स्थान नसल्यामुळे १३१८ मध्ये उठावही झाला होता. तरीही जाहिरात करणारा आपल्या बैठकीच्या खोलीत स्वतःच्या चुकांचे परिणाम रंगवून घेत नाही. पाण्याचा, रस्त्याचा किंवा कराचा निर्णय घेताना उजव्या हाताला नाचणारी माणसे आणि डाव्या हाताला जळणारी घरे दिसावीत, अशी बैठक मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आमच्या नगरपरिषदेत पाणीपट्टीच्या ठरावांची टिपणे मी कित्येकदा लिहिली. त्या टिपणांत आकडे असत, माणसे नसत.

बाहेर पडताना अंगणात गर्दी दिसली. पालाझ्झोत नोंदणी पद्धतीची लग्ने लागतात, आणि एक जोडपे नुकतेच लग्न लावून खाली आले होते. नवरीच्या आजीने आम्हा अनोळखी माणसांच्या हातातही मूठभर तांदूळ दिले. अक्षता टाकायला आम्हाला शिकवावे लागले नाही. दुपारी बुधवारचा आठवडी बाजार उठता उठता पाहिला आणि चेस्टनटच्या पिठाचा, वर रोझमेरी आणि पाइनच्या बिया घातलेला केक घेतला. त्यात साखर जवळजवळ नसते. पत्नीला तो फार आवडला, मुलीला मुळीच नाही.

गुरुवार

पहाटेपासून पाऊस. पावसात मनोरा बंद ठेवतात, त्यामुळे आमची वेळ हुकली आणि ती दुसऱ्या दिवशीवर गेली. परंतु कांपोचा उतार पाण्यात कसा चालतो हे पाहायला मिळाले. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेने पाणी चारी बाजूंनी खाली येत होते आणि त्या दगडी शिंपल्याच्या तोंडातून आत जात होते. चौकात कुठे डबके दिसले नाही. छत्री धरून निचरा पाहत उभ्या असलेल्या आम्हाला पाहून शेजारच्या कॉफीच्या दुकानातल्या माणसाने आत बोलावले. उभ्याने कॉफी घेतली तर इथे स्वस्त पडते, बसून घेतली तर बरीच महाग. त्याने आम्हाला बसवले आणि पैसे उभ्याचे घेतले.

पावसाच्या दिवशी करण्यासारखी उत्तम गोष्ट म्हणजे पिकोलोमिनी घराण्याच्या वाड्यातले सरकारी दप्तरखाना. मराठी माणसाला पेशवे दप्तराचे मोल सांगायला नको. तशाच जिव्हाळ्याने सिएनाने आपले कागद राखले आहेत. इथे बिकेर्ना नावाच्या खजिना विभागाच्या हिशेबवह्यांची रंगवलेली लाकडी पुठ्ठे पाहायला मिळतात. ही परंपरा १२५८ पासूनची आहे. खजिनदार दर ६ महिन्यांनी बदलत असे आणि त्याच्या कारकिर्दीची वही बंद करताना तिच्या फळीवर चित्र काढून घेत. सर्वांत जुन्या फळीवर सान गाल्गानोच्या मठातला साधू उगो हिशेबाच्या मेजाशी बसला आहे. मठातला साधू खजिनदार नेमण्यामागचा हेतू उघड आहे : त्याला शहरात ना व्यापार, ना घराणी, ना सोयरेधायरे. पुढे या फळ्यांवर नगरातले प्रसंगही येऊ लागले. १४६७ च्या फळीवर भूकंपाच्या भीतीने तटाबाहेर तंबू ठोकून राहिलेले लोक आहेत आणि शहरावर मेरीची छाया आहे. जमाखर्चाच्या वहीवर आपल्या गावावर आलेले संकट रंगवून ठेवणारे कारकून मला फार जवळचे वाटले. प्रवेश ठरावीक वेळांना आणि माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर मिळतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवावी.

दुपारी रिबोल्लिता खाल्ली. शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळ्या कोबीची पाने शिजवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून हे सूप करतात. वरून कच्चे ऑलिव्ह तेल. थंड, ओल्या दुपारी याहून चांगले काही सुचणार नाही. नंतर पानफोर्ते घेतला : मध, बदाम, मुरवलेली फळे आणि मसाले घालून केलेली घट्ट वडी. त्याच्या जुन्या, काळसर प्रकारात मिरीचा झणका असतो. मध्ययुगात ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून इथवर येत असे. घरी नेण्यासाठी ही वडी उत्तम, महिनोन्‌महिने टिकते.

शुक्रवार

आकाश निवळले. मनोऱ्याचे नाव तोर्रे देल मांजा. १३२५ ते १३४८ या काळात बांधलेला हा मनोरा ८८ मीटर उंच आहे आणि सुमारे ४०० पायऱ्या चढून जावे लागते. जोव्हान्नी नावाचा पहिला घंटावादक मिळवलेले सगळे खाण्यात उडवी, त्यावरून त्याला पडलेले टोपणनाव मनोऱ्यालाही चिकटले. पिशव्या खाली ठेवाव्या लागतात. जिना अरुंद असून काही ठिकाणी वाकून जावे लागते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा कोंडलेल्या जागेची भीती वाटते त्यांनी मोह आवरावा. पत्नी खाली थांबली, मुलगी आणि मी सावकाश चढलो.

वर गेल्यावर शहराच्या दक्षिणेला जे दिसते ते मी आदल्या दिवसांत भिंतीवर पाहिले होते : तट, तटाला लागूनच सुरू होणारी शेते, ऑलिव्हच्या बागा आणि पुढे मातकट टेकड्यांच्या लाटा. इतक्या जुन्या शहराच्या मध्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर अजून नांगरलेली जमीन आहे. दुसऱ्या बाजूला कॅथेड्रलशेजारी एक प्रचंड, अर्धवट भिंत एकटीच उभी दिसते. सिएनाने आपले कॅथेड्रल खूप मोठे करायला घेतले होते, आणि १३४८ मध्ये प्लेग आला. शहराची निम्म्याच्या आसपास माणसे गेली. आन्योलो दी तुरा या बखरकाराने आपली पाच मुले आपल्याच हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. आंब्रोजियो लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असे मानतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेले लहान संगमरवरी चॅपल, वाचलेल्यांनी साथ ओसरल्यावर नवस फेडण्यासाठी बांधले. चांगल्या कारभाराची ती भिंत रंगवल्यानंतर दहा वर्षांच्या आत हे घडले. राज्यकर्त्यांच्या हातात नसलेली गोष्ट आली आणि त्यानंतर सात वर्षांत नऊ जणांची राजवटही संपली.

संध्याकाळी फोंतेब्रान्दा पाहायला गेलो. घरमालकीणबाईंनी नकाशावर खूण करून दिली होती, परंतु ते पाणवठ्याचे ठिकाण ओका, म्हणजे हंसाच्या मोहल्ल्यात येते आणि तोर्रेचे त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. तेव्हा जा, पाहा आणि परत इकडे या, असे त्यांनी गंभीरपणे सांगितले. दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला कांपोवर होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीत, पालिओत, हे वैर उसळून वर येते. घरमालकीणबाईंच्या आईने त्यांना मोहल्ल्याच्या कारंज्यावर नेले होते आणि त्यांनी आपल्या नातवाला नेले; तिथे पाणी शिंपडून मूल कोंत्रादाचे होते.

सिएनाजवळ नदी नाही. डोंगरावरच्या या शहराने जमिनीखाली सुमारे २५ किलोमीटर लांबीचे बोगदे खोदले, आणि मऊ खडकातून झिरपणारे पाणी त्यांतून हलक्या उताराने कारंज्यांपर्यंत आणले. या बोगद्यांना बोत्तिनी म्हणतात. पूर्वनोंदणी केल्यास त्यांतला काही भाग पाहता येतो, आम्हाला मात्र जागा मिळाली नाही. फोंतेब्रान्दा १२४६ मध्ये आजच्या रूपात बांधले गेले. तीन भव्य कमानींखाली हिरवट, स्वच्छ पाणी. पहिल्या कुंडातले पाणी पिण्याचे, ते भरून वाहिले की जनावरांच्या कुंडात, तिथून धुण्याच्या जागी आणि शेवटी खालच्या कातडे कमावणाऱ्यांकडे व गिरण्यांकडे. एकही थेंब एका कामापुरता वापरायचा नाही, हा हिशेब. मी कुंडांची तोंडे आणि उतार नीट पाहून घेतले, वहीत आकृती काढली. पाणीपुरवठ्याच्या जुन्या सहकाऱ्यांना ती दाखवायची आहे.

शनिवार

सकाळची बस होती. त्याआधी मी एकटाच पालाझ्झोच्या अंगणात जाऊन आलो. शनिवार असूनही सूचना फलकावर पालिकेच्या नोटिसा लावलेल्या होत्या, आणि पिशवी घेतलेले एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून त्यांतली एक नोटीस बारकाईने वाचत होते.

सिएनाला जाणाऱ्यांनी निदान दोन रात्री तरी तटाच्या आत राहावे. जथे संध्याकाळी परतले की कांपोवर शहराचीच माणसे उरतात, मुले उतारावरून पळतात, विटांवर लोक आडवे होऊन गप्पा मारतात. पालिओच्या दिवसांत घरे वर्षभर आधी भरतात आणि दर अनेक पटींनी वाढतात. शर्यत पाहायची नसेल तर ते दिवस टाळावेत. ऑक्टोबर उत्तम, फक्त अंगावर एक गरम कपडा आणि पायांत न घसरणारे बूट हवेत, कारण या शहरात सपाट रस्ता शोधूनही सापडत नाही. आणि पालाझ्झोत गेल्यावर वेळ कमी असेल, तर बाकीची दालने सोडून नऊ जणांच्या दालनात पूर्ण एक तास द्यावा, पूर्वेच्या भिंतीपासून सुरुवात करावी.